व्हिडिओ जोरात, वेबसाइट ओस: दर सणाला परत येणारा बिघाड

श्रावण लागला की फोन वाजू लागतात. "दादा, रील तुफान चाललंय हो, पण साइटवर एक ऑर्डर नाही!" नवरात्रात पुन्हा तेच, फक्त मोदकांच्या जागी फराळ आलेला असतो. गिरगावात घरून उकडीचे मोदक करणाऱ्या ताई असोत, दादरला पैठण्या विकणारे काका असोत किंवा लालबागचे मसालेवाले, गाऱ्हाणं सारखंच. लोक व्हिडिओ बघतात, लाइक करतात, खाली "मस्तच" लिहितात आणि वेबसाइटकडे कोणी फिरकत नाही.

मग सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक व्हिडिओ. नवा रिंग लाइट येतो, एडिटिंग शिकलेला भाचा कामाला लागतो, मागे सध्या गाजत असलेलं गाणं वाजतं. व्ह्यूज वाढतात, ऑर्डरी तेवढ्याच. चाळीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर कोणी नळ बदलत नाही; टाकी, पंप, व्हॉल्व्ह असं खालून वर बघत जातात. इथेही बघणाऱ्याचा अंगठा आणि तुमचं ऑर्डरचं बटण यांच्यामधली वाट आधी चालून बघायची. तीही स्वतःच्या फोनवरून नाही. शेजारच्या मावशींचा फोन मागा, ज्यात तुमचं चॅनल लॉग-इन नाही, तुमची साइट कधी उघडलेली नाही आणि तुमच्या घरचं वायफाय जोडलेलं नाही. तुमच्या फोनवर सगळं ठणठणीत चालतं, कारण तो फोन तुम्हाला ओळखतो.

लिंक दिसते, पण दाबली जाते का?

सर्वात जास्त वेळा बिघाड इथे सापडतो, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, डिस्क्रिप्शनमधली (व्हिडिओखालच्या माहितीतली) आणि कमेंटमधली लिंक दाबता येत नाही. स्पॅम आणि फसवणुकीला आळा घालायचा म्हणून यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३पासून ती सोय काढून घेतली. लिंक अक्षरांत दिसते, पण ती नुसती अक्षरंच असतात. तरीही "लिंक खाली दिलेली आहे" हे वाक्य शॉर्ट्समध्ये रोज ऐकू येतं, आणि बघणारा बिचारा दोनदा टॅप करून पुढच्या व्हिडिओवर निघून जातो.

याचाच एक छुपा प्रकार आहे. १५ ऑक्टोबर २०२४पासून तीन मिनिटांपर्यंतचा कुठलाही उभा किंवा चौकोनी व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्समध्ये धरतं. त्याआधी मर्यादा एका मिनिटाची होती. त्यामुळे पूर्वी दोन मिनिटांचा उभा व्हिडिओ टाकून डिस्क्रिप्शनमध्ये लिंक दिली की काम व्हायचं, ते आता होत नाही. टाकण्याची पद्धत तुम्ही बदललेली नसते, म्हणून कारण लक्षातच येत नाही. उपाय सरळ आहे: ज्या व्हिडिओतून साइटवर माणसं न्यायची आहेत तो आडवा चित्रित करा. मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं आडव्या चौकटीतही तेवढीच देखणी दिसतात. उभे व्हिडिओ बनवायचेच असतील, आणि बनवावेत, तर शॉर्टला 'संबंधित व्हिडिओ' म्हणून तुमचा आडवा, मोठा व्हिडिओ जोडा. ही जोडणी दाबता येते. एक टप्पा वाढतो, काही माणसं गळतात, पण वाट उघडी राहते. चॅनलच्या मुख्य पानावरच्या लिंक्सही दाबता येतात. तिथे १४ पर्यंत देता येतात. पहिलीच ठळक दिसते, म्हणून पहिल्या जागेवर साइट ठेवा, फेसबुक नको.

आडव्या व्हिडिओतही लिंक निर्जीव निघाली, तर चॅनल नवं असण्याची शक्यता मोठी. बाहेरच्या साइटची लिंक दाबण्याजोगी व्हायला चॅनलला 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' मिळालेली असावी लागतात. नुसता फोन नंबर पडताळून हे होत नाही. ओळखपत्र किंवा व्हिडिओद्वारे पडताळणी करावी लागते, नाहीतर चॅनलचा पुरेसा चांगला इतिहास जमेपर्यंत थांबावं लागतं. यूट्यूब स्टुडिओच्या, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपच्या, सेटिंग्जमध्ये, चॅनलच्या विभागात, कोणती सोय चालू आहे ते दिसतं. सणाच्या आदल्या आठवड्यात चॅनल उघडणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं होतं, असो.

पत्ता पूर्ण लिहा, सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट. आणि तो डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत हवा. डिस्क्रिप्शनमध्ये पाच हजार अक्षरं मावतात हे खरं, पण 'आणखी' दाबल्याशिवाय त्यातल्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तिथे "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर आपलं मनःपूर्वक स्वागत" असतं आणि पत्ता हॅशटॅगांच्या खाली गाडलेला असतो.

आता खास मराठीतला घोटाळा. आपण पत्त्याला विभक्ती चिकटवतो. रोमन अक्षरांतला पत्ता आणि त्याला जोडूनच 'वर' किंवा 'ला'. पुष्कळ ॲप्स ते 'वर' पत्त्याचाच भाग समजतात, आणि दाबल्यावर 'पान सापडले नाही' येतं. तुम्हाला वाचताना काहीच खटकत नाही, म्हणून हा बिघाड वर्षभर टिकतो. पत्ता नेहमी स्वतंत्र ओळीत लिहा. पुढेमागे ना प्रत्यय, ना पूर्णविराम, ना हात जोडलेली इमोजी.

त्याचंच भावंड म्हणजे देवनागरी पत्ते. पानाचं नाव देवनागरीत असलं की ब्राउझरमध्ये छान दिसतं, पण कॉपी करून पेस्ट केलं की टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांएवढं फुगतं. 'मोदक' एवढा शब्द छत्तीस अक्षरांचा होतो. अशी लिंक बघून सुज्ञ माणूस ती दाबत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. फसवणुकीच्या लिंक्स अशाच दिसतात. पानाचं शीर्षक देवनागरीत ठेवा, पत्ता रोमनमध्ये आणि छोटा.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात: कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. बायोत २०२३च्या एप्रिलपासून पाचपर्यंत लिंक्स देता येतात, आणि स्टोरीतलं लिंक स्टिकर २०२१च्या ऑक्टोबरपासून सर्वांना मिळतं. पाच देता येतात म्हणून पाच देऊ नका. एकापेक्षा जास्त झाल्या की पहिलीच दिसते, बाकीच्या 'आणखी'च्या मागे जातात आणि एक टॅप वाढतो. हंगामात एकच ठेवा.

पान उघडलं, पण पैसे भरता येत नाहीत

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरून लिंक दाबली की ती क्रोममध्ये उघडत नाही. ॲपच्या पोटातच एक छोटा ब्राउझर आहे, त्यात उघडते. तिथे तुमच्या गिऱ्हाइकाचा जतन केलेला पत्ता नसतो, आधीचं लॉग-इन नसतं, टोपलीत टाकून ठेवलेलं काही नसतं. साइटवर 'गूगलने लॉग-इन करा' एवढा एकच मार्ग असेल तर तो इथे बंदच, कारण गूगल सुरक्षेसाठी अशा आतल्या ब्राउझरमधून लॉग-इन होऊ देत नाही. गिऱ्हाईक लाल अक्षरांतला संदेश बघून साइटच बोगस समजतं.

दुसरी अडचण यूपीआयची. बटण दाबल्यावर यूपीआय ॲप आपोआप उघडावं अशी जी सोय असते, ती आतल्या ब्राउझरमध्ये बऱ्याचदा फसते आणि समोर एक कोरं पान किंवा अगम्य इंग्रजी ओळ येते. मग दुकानदार हुशारी करून पानावर क्यूआर कोड लावतात. अहो, ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून यूपीआय ॲपमध्ये टाकता येतो, पण हे किती आत्या-मावश्यांना ठाऊक असतं?

तपासणी अशी करा: स्वतःच्याच बायोतून, दुसऱ्याच्या फोनवरून, खऱ्या पैशांची सर्वात लहान ऑर्डर पूर्ण करून बघा. अडकलं तर क्रमाने हे करावं. लॉग-इनशिवाय ऑर्डर घेण्याची सोय चालू करा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला खातं उघडायला लावण्यात काही अर्थ नाही. क्यूआरच्या शेजारी यूपीआय आयडी कॉपी करण्याचं बटण ठेवा. पानाच्या वरच्या बाजूला एक ओळ मराठीत लिहा: पैसे भरताना अडचण आली तर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून पान ब्राउझरमध्ये उघडा. आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण असू द्या. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली म्हणजे वेबसाइट हरली, असं काही डिझायनर मानतात. मला ते पटत नाही. ताईंना मोदक विकायचे आहेत.

भलतंच पान, भलतीच माणसं

व्हिडिओत तळणीचे मोदक, लिंक मुख्य पानाची, आणि मुख्य पानावर गेल्या दिवाळीचा 'फराळ बुकिंग सुरू' असा बॅनर. माणूस गोंधळतो आणि परत जातो. व्हिडिओत जी वस्तू दाखवली तीच वस्तू, त्याच फोटोसह, भाव आणि घरपोच मिळण्याच्या तारखांसह, खाली न सरकवता दिसली पाहिजे. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं इथे काही नाही, पण न पाळणारे दर हंगामात भेटतात.

वेगाकडे मात्र नीट बघा. गूगलच्या मोजमापानुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकलात की तुमचा आकडा फुकटात कळतो. पान जड होण्याचं नेहमीचं कारण मोठे फोटो. दुसरं कारण गमतीचं आहे: पानावर चिकटवलेला तुमचाच यूट्यूब व्हिडिओ. प्ले दाबायच्या आधीच तो बरंच सामान डाउनलोड करतो. त्याजागी नुसता फोटो ठेवून, दाबल्यावरच प्लेयर आणायची पद्धत लावा. तसंही हा माणूस व्हिडिओ बघूनच आलेला आहे. आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. संध्याकाळी सहानंतरच्या खच्चून भरलेल्या फास्ट लोकलमध्ये, दादर ते ठाणे, मोबाइल डेटावर उघडून बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच उभं आहे, एका हाताने दांडी धरून.

कधी कधी लिंक, पान, पैसे सगळं ठीक असतं आणि तरीही ऑर्डर नसते. अशा वेळी यूट्यूबच्या ॲनालिटिक्समध्ये बघणारे कोणत्या शहरातले आहेत ते पाहा. गिरगावातल्या मोदकांचा व्हिडिओ कोल्हापूर, नागपूर आणि पुण्यात बघितला जात असेल तर त्यात वाईट काही नाही, पण उकडीचा मोदक कुरियरने जात नाही. "मुंबईत घरपोच" हे शब्द शीर्षकात आणि पहिल्या काही सेकंदांतच बोला. व्ह्यूज घटतील, घटू द्या. पैसे खर्च करून व्हिडिओचं प्रमोशन करत असाल तर ठिकाण मुंबईपुरतं ठेवा आणि उद्दिष्ट निवडताना 'व्ह्यूज' नको, 'वेबसाइट भेटी' निवडा. व्ह्यूज मागितले तर यंत्रणा व्ह्यूजच देते, स्वस्तात देते, आणि ती माणसं कशालाही टॅप करत नाहीत. "हजार रुपयांत लाख व्ह्यूज" विकणाऱ्यांबद्दल लिहायची गरज नसावी. खोटे व्ह्यूज यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत आणि चॅनलवर गदा येते.

पिनकोडचा फॉर्म हाही एक अडथळा. '४०० ने सुरू होणारा पिनकोड म्हणजे मुंबई' असा नियम साइटवाल्याने लावलेला असतो. ठाण्याचा ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३ त्यात बिनदिक्कत बसतात, आणि ऑर्डर आल्यावर "एवढ्या लांब नाही हो जमणार" म्हणायची वेळ येते. उलट, डोंबिवलीला पोहोचवायची तुमची तयारी असली तरी ४२१२०१ लिहिणाऱ्याला साइट परत पाठवते. पिनकोडांची यादी हाताने भरा.

व्हिडिओतला दोष

वाट मोकळी असल्याची खात्री झाली की मगच व्हिडिओकडे वळायचं. बहुतेकांचा पत्ता शेवटी येतो, "धन्यवाद" म्हणण्याच्या जरा आधी, आणि तोवर बरीच मंडळी गेलेली असतात. स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा, तो कुठे घसरतो ते बघा आणि पत्ता त्याच्या आधी बोला. आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात, म्हणून पत्ता पडद्यावरही हवा. उभ्या व्हिडिओत तो तळाशी लिहू नका. तिथे चॅनलचं नाव, कॅप्शन आणि बटणं येऊन बसतात. मधोमध, किंचित वर लिहा.

पत्ता दाखवण्याचं आणखी एक कारण म्हणजे स्पेलिंग. 'फराळ' रोमनमध्ये कोणी एफने लिहितं, कोणी पीएचने, कोणी मधला 'ए' दोनदा देतं. नुसतं ऐकून टाइप करणारा चुकणारच. दुकानाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे गूगलवर शोधून बघा. तुमची साइट वर येत नसेल तर मुख्य पानावर दोन्ही लिप्यांत नाव लिहिलेलं आहे का ते तपासा.

शेवटच्या पडद्यावरचं वेबसाइटचं बटण सापडत नाही, ही तक्रारही येते. एंड स्क्रीन लावायला व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा हवा, ती शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच बसते, आणि तिच्यावर बाहेरच्या साइटची लिंक देण्यासाठी चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये (कमाईच्या योजनेत) असावं लागतं. तोवर पिन केलेली कमेंट वापरा. बालवाडीच्या गोष्टी किंवा वर्कशीट्सच्या साइटचा प्रचार करणाऱ्यांना तर कमेंटच दिसत नाहीत: 'मुलांसाठी बनवलेला' अशी खूण केलेल्या व्हिडिओवर कमेंट, कार्ड आणि एंड स्क्रीन, तिन्ही बंद असतात. मुलांच्या खासगी माहितीवरून यूट्यूबने अमेरिकेत सरकारशी २०१९मध्ये केलेल्या तडजोडीनंतर हे २०२०च्या जानेवारीपासून लागू झालं. खूण खोटी लावून सुटका करून घेऊ नका. पालकांशी बोलणारा वेगळा व्हिडिओ बनवा. वर्कशीट विकत घेणारे तेच आहेत.

माणसं आली, पण दिसली नाहीत

साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये यूट्यूबचा आकडा शून्याजवळ दिसतो म्हणजे तिथून कोणी आलंच नाही असं नाही. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो, तिथून पत्ता पुढे जातो, आणि असा माणूस 'डायरेक्ट' म्हणून मोजला जातो. त्यासाठी लिंकच्या शेवटी यूटीएमच्या खुणा जोडायच्या: कुठून, कशातून, कोणत्या मोहिमेतून. डिस्क्रिप्शनला वेगळी, पिन केलेल्या कमेंटला वेगळी, बायोला वेगळी. सगळं लहान लिपीत लिहा, कारण मोठी आणि लहान अक्षरं वेगवेगळी मोजली जातात आणि एकाच यूट्यूबच्या तीन रांगा होतात. एकदा लिंक दाबून शेवटी उघडलेल्या पानाचा पत्ताही वाचा. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवताना साइट कधी कधी या खुणा गाळून टाकते.

खुणा जोडलेला पत्ता लांब आणि कुरूप होतो, तो बोलून दाखवता येत नाही. म्हणून स्वतःच्याच डोमेनवर एक छोटा पत्ता बनवायचा, शेवटी फक्त 'मोदक' रोमनमध्ये, आणि तो खुणांसकटच्या पानाकडे वळवायचा. बाहेरच्या लिंक छोटी करणाऱ्या सेवेपेक्षा हे बरं, कारण नाव तुमचंच दिसतं. साइट बघणाऱ्याला सांगा की हे वळण ३०२ प्रकारचं, म्हणजे तात्पुरतं हवं. ३०१ म्हणजे कायमचं. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि नंतर बदललं तरी काही गिऱ्हाइकं जुन्याच पानावर जात राहतात.

परत परत का?

कारण व्हिडिओ मरत नाही. भाद्रपद जवळ आला की यूट्यूब दोन वर्षांपूर्वीचा मोदकांचा व्हिडिओ पुन्हा लोकांपुढे ठेवतं, आणि त्याखालची लिंक त्या वर्षीच्या पानाची असते. पान काढून टाकलेलं तरी असतं, नाहीतर त्यावर जुना भाव आणि 'बुकिंग बंद' ही पाटी. नव्या व्हिडिओवर मेहनत चालू असताना खरी गर्दी जुन्या व्हिडिओच्या दारातून परत जात असते.

पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. दर वर्षी नवं पान न बनवता तेच पान अद्ययावत करा. स्टुडिओमध्ये अनेक व्हिडिओ एकत्र निवडून डिस्क्रिप्शन बदलता येतं. एकदा बसून सगळ्या जुन्या व्हिडिओंत वरचा छोटा पत्ता टाका. यानंतर हंगामात हात लावायचा तो फक्त त्या वळणाला. श्रावणात ते मोदकांच्या बुकिंगकडे, ऑर्डरी भरल्या की 'नाव नोंदवा, रद्द झालेल्या ऑर्डरी तुम्हाला देऊ' या पानाकडे, अनंत चतुर्दशी झाली की फराळाकडे. इन्स्टाग्रामच्या हायलाइटमध्ये जपून ठेवलेल्या जुन्या स्टोरींतली स्टिकर्सही त्याच दिवशी दाबून बघा. ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.